पंखा बंद करा, माय गातेय : खान्देशातली गाणी रेकॉर्ड करून जपण्याची रीत

अमळनेर तालुक्यातल्या मामांच्या गावी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, मी आजलमायची, म्हणजे आजीची, चौदा गाणी मोबाईलवर घेतली. वर पंखा फुल्ल स्पीडवर होता, शेजारी कुणी तरी भांडी घासत होतं आणि फोन मी खाटेवर ठेवलेला. ऐकायला बसलो तर घरघर आधी, आजलमाय नंतर. पुढच्या वर्षी नीट घेऊ, असं म्हणून सोडून दिलं. पुढच्या आखाजीला ती नव्हती.

त्या चौदा गाण्यांतले शब्द मी बराच खटाटोप करून उतरवून घेतले. चाल मात्र अर्धीच हाती लागली. सोळा वर्षांत हे काम करताना पुन:पुन्हा दिसलं ते हेच: शब्द कुणाच्या तरी वहीत सापडतात, चाल सापडत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने वेळोवेळी टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली ती गाणी छापली गेली. आपल्या अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, त्याही कागदावरच. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तरी त्यातल्या काहीच टेपवर आहेत. त्या काळात टेप महाग होती. आता खिशात रेकॉर्डर घेऊन फिरणाऱ्या आपल्याला ती सबब नाही.

खाली लिहिलंय ते माझ्या चुकांमधून आलेलं आहे. संगीताचं शिक्षण मला नाही आणि या कामाला ते लागतही नाही.

आधी एक गाव, एक प्रसंग

'खान्देशची सगळी लोकगीतं' गोळा करायला निघालेला माणूस तिसऱ्या महिन्यात थकतो. एक गाव घ्या आणि त्यातला एकच प्रसंग धरा. खान्देशात गाणं महिन्याला बांधलेलं असतं, त्यामुळे निवड सोपी जाते. वैशाखात आखाजी: सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी, तिचे रोट आणि रात्रभराचा जागर. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाई. ती मुलींची, आणि खाऊ ओळखायची धमाल वेगळी. मार्गशीर्षात साक्री-नवापूरच्या बाजूला आदिवासींचा डोंगऱ्यादेव, त्यात पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य असतं. फाल्गुनात सातपुड्यातली होळी आणि चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची लेंगी, म्हणजे त्यांची होळीची गाणी. लग्नाची आणि हळदीची गाणी वर्षभर मिळतात. 'वही' (कागदाची नव्हे, हा खान्देशातला जुना गायनप्रकार) गाणारी मंडळी अजून काही गावांत आहेत, ती सापडली तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिकडे जा.

नव्या माणसाला मी गुलाबाईपासून सुरुवात करायला सांगतो. महिनाभर रोज तीच गाणी म्हटली जातात, त्यामुळे आज बिघडलं तर उद्या पुन्हा घेता येतं. कानबाई ही सोय देत नाही.

पहिल्या भेटीला फोन बाहेर काढू नका

हे मला पटायला चार वर्षं लागली. पहिल्या दिवशी फक्त चहा घ्या. कुणाची सून, कुणाची लेक, माहेर कुठलं, हे बोला. माहेर महत्त्वाचं, कारण बाईची गाणी बहुतेक माहेराहून आलेली असतात. चोपड्यात राहणारी बाई शिरपूरची चाल गात असते आणि आपण ती चोपड्याची म्हणून नोंदवून मोकळे होतो.

'एखादं जुनं गाणं म्हणा ना' असं म्हटलं की हमखास उत्तर येतं, 'मना आवाज बसेल शे, भाऊ.' एका मोठ्या मायने मला सरळ विचारलं होतं, 'जातं नही, दयन नही, मंग गानं कसं यी?' तिचं बरोबर होतं. गाणं हाताच्या कामाशी जोडलेलं आहे. तिच्या माळ्यावरचं जातं आम्ही खाली उतरवलं, धुतलं, शेरभर ज्वारी आणली. खुंटा हातात आल्यावर तिने सलग पाऊण तास ओव्या म्हटल्या. तेव्हा 'गाणं सांगा' म्हणण्याऐवजी प्रसंग उभा करा. झोक्याचं गाणं झोक्यावर, हळदीचं चार बायका जमवून. एकटी बाई अडखळते. दुसरी झेलायला असली की दोघींनाही आठवतं.

वयाने मोठ्या माणसाला आप्पा, नाना, जिभाऊ, मोठी माय, अक्का असं गावात जे म्हणतात तेच म्हणा. 'मॅडम' म्हटलं की समोरची बाई कार्यक्रमात असल्यासारखी गाते.

विचारून घ्या, आणि ते विचारणंही रेकॉर्ड करा

इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं मला कधीच पटलं नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर त्यांच्याच बोलीत तीन गोष्टी विचारा: हे घरच्यापुरतं ठेवायचं, अभ्यास करणाऱ्यांना दिलं तर चालेल का, आणि नेटवर सगळ्यांना ऐकू गेलं तर चालेल का. उत्तर त्यांच्या आवाजात फाइलमध्ये राहतं. प्रत्येक गाण्याला उत्तर वेगळं असू शकतं. व्याह्यांना घातलेल्या शिव्यांची गाणी बायका हसत हसत गातात आणि 'हाई बाहेर नको' म्हणतात. मयताची गाणी, भगताने म्हटलेलं देवाचं बोलावणं, हे कुणी आपणहून सांगितलं तरी दोनदा विचारा.

कायदाही त्यांच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे गाणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. गाणं पारंपरिक असलं तरी ते गाणारी बाई 'कुणीच नाही' ठरत नाही. एकाने माझ्याकडून घेतलेलं जागराचं रेकॉर्डिंग खाली डीजेचा ठोका घालून चॅनलवर टाकलं, बाईंचं नावसुद्धा न लिहिता. तेव्हापासून मूळ फाइल मी कुणाला देत नाही, ऐकण्यापुरती छोटी प्रत देतो.

रेकॉर्डिंग : फोन पुरतो, पण

महागडा रेकॉर्डर नसला तरी चालतं. रेकॉर्डिंगचं असं अ‍ॅप घ्या ज्यात 'वेव्ह' फाइल मिळते. एमपीथ्री नको, कारण त्यात आवाज दाबून काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नसेल तर १६ बिटही चालेल. २४ बिट स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी खाते, म्हणजे तासाला १ जीबीच्या आसपास. निघण्यापूर्वी लग्नाचे व्हिडिओ काढून टाका, जागा करा.

आवाजाची पातळी आपोआप जुळवणारा पर्याय बंद करा. तो चालू असला की बाई श्वास घ्यायला थांबली रे थांबली, फोन आवाज वाढवतो आणि कोंबडा, सायकलची घंटी, सगळं पुढे येतं. पातळी हाताने अशी ठेवा की सर्वांत मोठ्या सुरालाही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर शिवून देत नाही. हळू आलेला वाढवता येतो.

फोन तोंडापासून दीड-दोन वीत दूर आणि थोडा बाजूला धरा. समोर धरला की 'प' आणि 'भ' ला फुस्स होतं. खाटेवर, टेबलावर थेट ठेवू नका, खाली घडी घातलेली गोधडी ठेवा. फ्लाइट मोड लावा. कानाला हेडफोन लावून आधी एक मिनिट ऐका, आपल्या उघड्या कानाला फ्रिजची गुणगुण ऐकूच येत नाही. पत्र्याच्या किंवा गिलाव्याच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. धान्याच्या पोत्यांची खोली सर्वांत चांगली. खान्देशात वैशाखात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा पंखा बंद करा म्हणणं म्हाताऱ्या माणसाला छळणं आहे. म्हणून पहाटे पाच ते सात, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर. लोडशेडिंगला आयुष्यात एकदाच मी धन्यवाद दिले ते या कामात: लाइट गेली की अख्ख्या गावाची मोटर, चक्की, टीव्ही एकदम गप्प होतात.

ढोल-ताशा असला तर वेगळं गणित. फोन गाणाऱ्याजवळ, ढोल चार पावलं लांब. अक्कलकुवा तालुक्यात काठीच्या होळीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ढोलांच्या अगदी जवळ उभा राहिलो आणि रात्रभराचं सगळं रेकॉर्डिंग फाटून आलं. तिथे लांब उंचवट्यावर जावं, पातळी खूप खाली ठेवावी.

प्रत्येक गाण्याआधी आपल्या आवाजात बोला: तारीख, गाव, तालुका, गाणाऱ्यांची नावं, कितवं गाणं. कागद हरवतो, हे आवाजात राहतं. गाणं संपल्यावर दहा सेकंद तसंच चालू ठेवा. बऱ्याचदा खरी माहिती त्या दहा सेकंदांत येते: 'हाई आम्ही वावरमा म्हनूत, घरमा नही.'

आणि मग एक काम जे सगळे विसरतात: तेच गाणं गायला न लावता सावकाश *सांगायला* लावा. सुरात अक्षरं ओढली जातात, झीलकऱ्यांच्या गलक्यात ओळी बुडतात. सांगून घेतलेली प्रत असली की शब्द उतरवताना निम्मा वेळ वाचतो. सणाच्या रात्रीचं रेकॉर्डिंग आणि निवांत दुपारचं रेकॉर्डिंग ही दोन्ही हवीत. एकात जोर असतो, दुसऱ्यात शब्द.

गाव सोडून गेलेल्यांकडे

खान्देशातली निम्मी गाणी आता खान्देशात नाहीत. ती सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीच्या चाळींत आहेत. लूमवर आणि साडीच्या मार्केटात कामाला गेलेल्या माणसांसोबत त्यांच्या आया, बायका गेल्या. भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या तापी लाइनच्या गाडीत बसा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं नवापूर स्टेशन ओलांडून उधन्याला उतरा. तिथे श्रावणात कानबाई बसते ती पाहा. मला गावात सापडली नाहीत अशी दोन गाणी लिंबायतच्या एका अक्कांनी म्हटली. गावातल्या गाण्यांवर दरवर्षी नवी डीजेची चाल चढत गेली, अक्कांची गाणी त्या ज्या साली गाव सोडून गेल्या त्या सालावरच थांबली. मात्र त्यांत गुजराती शब्दही येतात. ते काढू नका, तो त्या गाण्याचा प्रवास आहे. नोंदीत मूळ गाव आणि सुरतेला आल्याचं साल, दोन्ही लिहा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं वेगळं. नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत कारखान्यांच्या पडावांवर जातात. तिथे जाऊन रेकॉर्डिंग करायचा मोह टाळा. पहाटेपासून तोड, रात्री-बेरात्री गाडी भरणं. त्यात तुम्ही माइक धरून उभे राहणं बरं दिसत नाही, आणि मुकादमासमोर कुणी मोकळं गात नाही. होळीला घरी परततात तेव्हा भेटा. कोयत्याची, उचलीची, मुकादमाची नवी गाणीही तेव्हाच निघतात. ती 'जुनी नाहीत' म्हणून सोडू नका. जात्यावरच्या ओव्याही कधी तरी नव्याच होत्या.

भिली, पावरी, मावची, कोकणा आदिवासींची कोकणी किंवा बंजाऱ्यांची गोरबोली, यांतली जी लागेल ती बोली तुम्हाला येत नसेल तर रेकॉर्डर त्या समाजातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या आणि तुम्ही बॅटरी सांभाळा. नोंदीत 'आदिवासी गीत' असं कधीही लिहू नका. ते 'मराठी गीत' लिहिण्याइतकंच निरुपयोगी आहे. कोणती जमात, कोणती बोली, कोणता पाडा, हे हवं.

ट्रंकेतल्या कॅसेटी

ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी टू-इन-वन होते आणि लोकांनी जागर, लग्नं टेप केली. त्या कॅसेटी आज तुमच्या माळ्यावर, पत्र्याखाली भाजत पडल्यात. त्या आधी वाचवा, नवी रेकॉर्डिंग्ज नंतर. गाणाऱ्यांपैकी बरेच जण आता नाहीत.

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची जिभली मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही टेप होणार नाही. आत पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. चांगल्या कॅसेटी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटलेली टेप सुटते. प्लेअरचं हेड (टेप ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा, दर दोन-तीन कॅसेटींनी पुन्हा. टेप तुटली तर खाटकन फेकू नका, पाच स्क्रूंचं कवच असेल तर उघडून जोडता येते. कवच फोडलेलं असेल तर टेपचे दोन्ही गोळे दुसऱ्या रिकाम्या कवचात बसतात.

प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून तार काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला द्या. स्पीकरसमोर फोन धरून केलेली प्रत ही प्रत नव्हे. आवाज बोदा, दबल्यासारखा येत असेल तर बहुधा हेड थोडं तिरकं आहे. हेडशेजारचा छोटा स्क्रू वाजत्या कॅसेटवर अगदी किंचित फिरवत आवाज सर्वांत खुला होईल तिथे थांबा. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, घाई होत नाही. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर वापरू नका. खरखरीसकट मूळ ठेवा, स्वच्छ केलेली प्रत वेगळी.

उतरवताना 'शुद्ध' करू नका

अहिराणीत ळ चा य होतो: डोळा नव्हे डोया, काळा नव्हे काया. लेवा गणबोलीतही तसंच. शाळेत शिकलेला हात आपोआप डोळा लिहितो. मी स्वत: मराठीचा शिक्षक, माझ्या पहिल्या दोन वह्या अशाच वाया गेल्या. ऐकू येतं तेच लिहा. डाव्या पानावर गायलेलं जसंच्या तसं, उजव्या पानावर प्रमाण मराठीत अर्थ. 'वं माय', 'बाई' अशी भरीची पदं गाळू नका, चाल त्यांच्यावरच उभी असते. कुठे एकटी गाते, कुठे बाकीच्या उचलतात, याला खूण करा. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि पुढच्या भेटीला विचारा, अंदाजाने भरू नका. धाकट्या बहिणीला विचारलं तर ती दुसराच शब्द सांगेल, दोन्ही लिहा.

ग्रिअर्सन या इंग्रज काळातल्या भाषा-अभ्यासकाच्या भाषा सर्वेक्षणात खान्देशी बोली भिल्ल भाषांच्या खंडात गेली, तो १९०७ साली छापला. ती भिल्लांची, मराठीची की गुजरातीची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. तुमच्या वहीने त्यात पडायची गरज नाही. गाणारीने बोलीला जे नाव दिलं ते लिहा.

ठेवायचं कुठे

त्याच रात्री कॉपी करा, सकाळी नाही. तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात कुणाकडे तरी किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्हला मी प्रत मोजत नाही. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत डिस्क लावून फाइली उघडतात का पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून टाकलं की दाबलं जातं.

फाइलचं नाव साधं आणि रोमन अक्षरांत: आधी साल-महिना-दिवस, मग गाव, मग गाणाऱ्याचं नाव, मग क्रमांक. देवनागरी नावं काही जुन्या यंत्रांवर चौकोन होतात. 'आजीचं गाणं फायनल' या नावाच्या माझ्याकडे सहा फाइली आहेत, त्यातली कुठली कोणाची आजी ते आता मलाच कळत नाही.

संग्रह मोठा झाला की संस्थेशी बोला. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जवळ आहेत. १९८२ साली पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्रामला असलेलं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत-अभिलेखागार (एआरसीई) हेच काम करतं. देण्याआधी लेखी ठरवा: कोण ऐकू शकेल, गाणाऱ्यांच्या अटी पाळल्या जातील ना, आणि गावाला मागितली तर प्रत परत मिळेल ना. तिसऱ्या प्रश्नावर जो चुळबुळ करेल त्याला देऊ नका.

गावाला परत

मेमरी कार्ड आणि एक छापील वही, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक गाणाऱ्या घरात द्या. कार्ड कसं वाजवायचं हे शिकवावं लागत नाही, ट्रॅक्टरच्या टेपवर ते त्याच संध्याकाळी वाजतं. वहीतला फोटो नीट छापा, त्यावर बायकांचं पहिलं लक्ष असतं.

गेल्या गुलाबाईला एका गावात मुली आमच्या वहीतून गात होत्या. तिसऱ्या गाण्याला आतून मोठी माय पिठाचे हात घेऊन बाहेर आली, 'आशी नही व पोरीहोन, चुकी रायनात' म्हणाली आणि दारातच उभं राहून त्यांना चाल सांगितली. फोन खिशातच होता. फ्रिज चालू होता, कुत्रं भुंकत होतं, पातळी बघायला वेळ नव्हता. तरी घेतलं. वहीतली ओळ खोडून शेजारी लिहिली.